छत्रीच्या कापडाचं टोपडं

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी म्हातारी आहे आणि माझ्या एका कोपऱ्याला तडा गेलेला आहे. तेव्हा बोलता बोलता मधेच थोडी पाझरले, तर समजून घ्या. मी टाकी आहे. टाकी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर गच्चीवरची ती काळी, ढेरपोटी टाकी आली असेल. ती माझी कोणी लागत नाही. मी शाळेच्या डब्याहून थोडीशीच मोठी, आरपार दिसणाऱ्या जाड प्लॅस्टिकची. माझ्यात मासे येतात. संध्याकाळी येतात, रात्रभर राहतात आणि सकाळी आपापल्या घरी जातात. त्या एका रात्रीसाठी मला बनवलं होतं.

बनवलं तेव्हाचं फारसं आठवत नाही. खूप ऊब होती, मग धपकन दाब आला, मग एकदम गारवा, आणि मी झाले होते. माझ्यामागोमाग माझ्यासारख्याच बहिणी साच्यातून बाहेर पडत होत्या. आम्हाला एकीत एक बसवून खोक्यात भरलं. खोक्यातला अंधार मला इतका आवडला, की जग म्हणजे एवढंच असं समजून मी निवांत पडून राहिले. मग एके दिवशी कोणीतरी खोक्याची चिकटपट्टी टर्रकन ओढली.

ज्या खोलीत मी बाहेर आले तिला खिडकी नव्हती. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर टाक्या, टाक्यांत मासे. बारीक नळ्यांतून पाणी दिवसरात्र झुळझुळत असतं. हवा उबदार आणि दमट. आत येणाऱ्याचा चष्मा आधी धुकटतो, मग तो थांबतो, चष्मा पुसतो, पुन्हा लावतो आणि "हं" म्हणतो. सगळे असंच करतात, खोलीच्या प्रमुख मोठ्या मॅडमसुद्धा. त्या खोलीत सूर्य येत नाही. छतावरचे दिवे आपोआप लागतात. खटका पडला की पहाट, खटका पडला की रात्र. माशांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

मासे म्हणाल तर तुमच्या करंगळीएवढे. अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत निळ्या रेघा, कोणीतरी पट्टी धरून आखल्यासारख्या. त्यांचे पूर्वज कुठल्यातरी संथ, उथळ ओढ्यात राहायचे म्हणे. या खोलीतल्या एकानेही ओढा पाहिलेला नाही. तरी रात्री अंधार झाला, की ते पाण्यात अधांतरी थबकतात, कल्ले हळूहळू हलतात, आणि मला वाटतं, त्यांना स्वप्नात गोटे दिसत असणार, पाण्याखालचे गुळगुळीत गोटे आणि वरून झिरपणारं ऊन. मीही कधी ओढा पाहिला नाही. पण इतक्या माशांची स्वप्नं माझ्यात पडून गेली आहेत, की मला तो ओढा पाठ झाला आहे.

आता तुम्ही विचाराल, एवढ्याशा माशांसाठी एवढा थाटमाट कशाला? तर मित्रांनो, या माशांची अंडी आरपार दिसतात. आत पिल्लू कसं घडतं, डोळा कुठून येतो, काळीज पहिल्यांदा कधी धडधडतं, हे सगळं बाहेरून बघता येतं, कुणाला न दुखवता. माणसाचं पिल्लू आईच्या पोटात लपून घडतं, माशाचं उघड्यावर. आणि दोघांच्या घडण्यात इतकं साम्य आहे, की माशाकडे बघून माणसाचं कोडं सुटतं. त्यातून या माशांकडे एक नवल आहे. त्यांच्या काळजाला जखम झाली, तर ते पुन्हा भरून येतं, नव्यासारखं. माणसाचं येत नाही. माणसाच्या काळजावर व्रण राहतो आणि तेवढा भाग कायमचा थकतो. माशाला जे जमतं ते आपल्याला का जमू नये, एवढा एकच प्रश्न घेऊन त्या खोलीतली माणसं वर्षानुवर्षं झटत असतात.

काही मासे या अभ्यासात जीव देतात. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. झोपेचं औषध घातलेल्या पाण्यात त्यांना सोडतात, ते झोपतात आणि उठत नाहीत. ताई दर वेळी त्या भांड्यावर हात धरून काहीतरी पुटपुटते. काय ते मला कधी ऐकू आलं नाही. ही ताई कोण, ते सांगतेच. आधी माझं काम ऐका.

माझ्या पोटात आणखी एक डबा बसतो. त्याच्या तळाला जाळी असते आणि मधोमध एक आरपार पडदा उभा करता येतो. संध्याकाळी पडद्याच्या एका बाजूला मादी सोडतात, दुसऱ्या बाजूला नर. रात्रभर ते एकमेकांना बघतात, पण भेटत नाहीत. सकाळी दिवे लागले, की पडदा वर ओढायचा. मग काय विचारता! नर तिच्या मागे, ती पुढे, गोल गोल, आणि मग अंडी जाळीतून टपटप खाली. जाळी एवढ्यासाठी, की हे आईबाप आपलीच अंडी गट्टम करतात. हसू नका. त्यांना कोणी शिकवलंय का? अंडी चहाच्या गाळणीत गोळा करतात. हो, तीच, तुमच्या ओट्यावरची. एवढ्या महागड्या यंत्रांच्या खोलीत गाळणीला काय मान आहे म्हणून सांगू!

माझी उमेदीची वर्षं अशी गेली. माझ्यात अंडी हमखास मिळायची. पाण्याची देखभाल करणारे काका मला उचलून म्हणायचे, "ही बया पायगुणाची आहे." मला ते ऐकून भरून यायचं. पण एकदा धुताना त्याच काकांच्या हातून मी निसटले. कोपऱ्यावर आपटले. "अरे देवा," म्हणाले काका आणि त्यांनी तड्यावर चिकट मलम लावलं. मलम बरं होतं, पण तोवर नव्या टाक्या आल्या होत्या, सडपातळ, चकचकीत, तोऱ्यात. मी सगळ्यात वरच्या फळीवर गेले. माझ्यात एक जुना हातमोजा, पेनांची टोपणं आणि खाद्याचा रिकामा डबा येऊन पडला. धूळ बसली. मी ओढ्याची स्वप्नं बघत दिवस काढू लागले.

ताई आली ती त्यानंतर. बारीक चण, केस कायम पेन्सिलीने खोवलेले, आणि चालणं असं, की मागे कुत्रं लागलंय. तिने काही वर्षं खपून माशांचं एक घराणं वाढवलं होतं. या घराण्याच्या काळजाची जखम इतर माशांपेक्षा फार लवकर भरायची. का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तिलाही नाही. ते शोधून काढायचं तिने मनावर घेतलं होतं, आणि त्यासाठी तिला त्याच घराण्याची पिल्लं हवी होती, पुष्कळ.

आणि नेमकी माशी शिंकली. सुट्टीच्या दिवसांत त्या घराण्याच्या टाक्यांच्या ओळीची पाण्याची नळी तुंबली. कोणाचं लक्ष गेलं नाही. ताई परत आली तेव्हा सगळं घराणं संपलं होतं. उरली फक्त एक जोडी, तीसुद्धा फोटो काढायला शेजारच्या खोलीत नेली होती म्हणून. दोघंही वयस्कर. मादीचं नाव काकांनी 'काकू' ठेवलं होतं, कारण ती गोल होती आणि सगळ्या टाकीला शिस्त लावायची. नराची शेपटी कुठेतरी झिजली होती, म्हणून तो 'फाटका'.

त्या दिवशी ताई जमिनीवरच बसली, ओल्या फरशीवर, आणि हुंदके देऊन रडली. काका तिच्याजवळ उभे होते, हातात पुसणं घेऊन. "ताई, उठा हो," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मोठ्या मॅडम आल्या. चष्मा पुसला. "हं" म्हणाल्या. मग म्हणाल्या, "जोडी आहे ना अजून? मग रडायचं कशाला? अंडी घे. पण हे बघ, ही फळी मी महिनाअखेरपर्यंतच अडवून ठेवू शकते. पलीकडचे लोक जागेसाठी माझ्या मागे लागलेत."

"आणि अंडी नाही मिळाली तर?"

मॅडमनी चष्मा पुन्हा काढला. स्वच्छ होता, तरी पुसला. "तर घराणं संपलं," त्या म्हणाल्या.

माझा नंबर लागला तो काही माझ्या गुणांवर नव्हे. नव्या टाक्या सगळ्या धुवायला भिजत पडल्या होत्या. काकांनी शिडी लावून मला खाली काढलं, हातमोजा झटकला, टोपणं खिशात टाकली, मला स्वच्छ धुतलं आणि म्हणाले, "हिला घ्या ताई. म्हाताऱ्यांची गाठ म्हातारीशी." कितीतरी दिवसांनी माझ्यात पाणी आलं. मित्रांनो, तो आनंद मला सांगता येणार नाही. काकू एका बाजूला उतरली, फाटका दुसऱ्या बाजूला. माझ्या भिंतींना त्यांच्या शेपट्यांचा तो हलका स्पर्श झाला आणि मी मनात म्हटलं, आता बघाच.

सकाळी एक अंडं नाही.

चार दिवस माझ्यातच विश्रांती देऊन पुन्हा बसवलं. तरी नाही. मग उपायांची जत्राच लागली. काकांनी घरून लहानपणीच्या गोट्या आणून माझ्या जाळीवर पसरल्या, ओढ्यासारखं वाटावं म्हणून. मॅडमनी मला एका बाजूने उचलून खाली रबर ठेवलं, म्हणजे एका टोकाला पाणी उथळ होईल. माशांना उथळ पाण्यात अंडी घालायला आवडतं. ताईने खाऊ वाढवला. तिची आई रोज दुपारी फोन करायची आणि ताईचे हात ओले असल्यामुळे तो आवाज सगळ्या खोलीला ऐकू यायचा.

"जेवलीस का?"

"जेवते गं."

"म्हणजे नाही जेवलीस. पहाटे उठून कुठे पळतेस रोज? चहासुद्धा नाही. ते मासे काय पळून जाणार आहेत का?"

"आई, तुला नाही कळायचं. ठेवते."

पण पहाटे ती काय करायची, ते मला माहीत होतं. एकट्या मलाच. दिवे लागायच्या कितीतरी आधी, खोलीत काळोख असताना दार हळूच उघडायचं. ती पाय न वाजवता यायची, मोबाइलची बॅटरी लावायची, बोटांनी अर्धी झाकायची आणि माझ्यावर वाकायची. "काकू, बरी आहेस ना गं?" असं कुजबुजायची. मग दुसरीकडून बघायची. मग जायची, आणि थोड्या वेळाने परत यायची. तिचा जीवच थाऱ्यावर नव्हता. आणि तिचं ते वाकणं इतकं मायेचं होतं, की रागवायचं तरी कसं?

पण माझ्या आत काय होत होतं, ते ऐका. काकू अंधारात पार खोल उतरलेली असायची. तिच्या स्वप्नात गोटे दिसू लागलेले असायचे. तेवढ्यात तो पांढरा झोत यायचा. ती दचकायची. फाटका माझ्या कोपऱ्यावर आपटायचा. त्यांना वाटायचं पहाट झाली. मग अंधार व्हायचा, पुन्हा झोत, पुन्हा अंधार. खरोखर दिवे लागायचे तेव्हा दोघंही इतके शिणलेले असायचे, की पडदा उठला तरी ते तळाशी पडून राहायचे. रात्रच धड झाली नाही, तर पहाट कुठून होणार? मी ओरडून सांगावं, तर मला तोंड आहे पण जीभ नाही.

महिना सरत आला. ताईच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. ती आता माझ्याशी बोलायची. "काय चुकतंय गं माझं?" असं माझ्या भिंतीला बोट लावून विचारायची. सगळ्या जगात त्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक असलेली मी एकटी, आणि मी मुकी. ते दिवस आठवले, की अजून माझा तडा दुखतो.

मग एका सकाळी ती आली नाही.

दार उघडलं नाही. झोत आला नाही. अंधार न फाटता, सलग, शेवटपर्यंत राहिला. मी वाट बघत होते, काकूही वाट बघत होती बहुतेक. मग ती वाट बघायचं विसरली आणि झोपली. खटका पडला. दिवे लागले. काका आले, चष्मा पुसला, इकडेतिकडे पाहिलं. "ताई कुठे गेल्या?" असं स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी पडदा ओढला.

फाटका असा सुटला, की त्याच्या शेपटीचं वय त्याला आठवलंच नाही!

ताई धापा टाकत पोचली तेव्हा फोन कानाला होता आणि ती आईवर जाम भडकलेली होती. "गजर बंद करायचा अधिकार तुला कोणी दिला? झोपू दे म्हणे! माझं सगळं..." आणि तिथेच थांबली. काका गाळणी घेऊन उभे होते, आणि तिच्याकडे बघून नुसते हसत होते.

अंडी होती. मूठभर. ताईने गाळणी हातात घेतली, पळतच सूक्ष्मदर्शकाशी गेली, वाकली. खूप वेळ वाकून राहिली. मग तिने मान वर केली आणि तिचा चेहरा बघून काकांचं हसू विरलं.

"पांढरी आहेत," ती म्हणाली. "सगळी खराब."

बरेच दिवस पोटात राहिलेली अंडी अशीच निघतात. मॅडमनी तसं सांगितलं. "जुना साठा गेला, हे चांगलंच झालं. पुढची चांगली येऊ शकतील. पण महिनाअखेर आली. एकच खेप बसते आता." मग त्यांनी विचारलं, "आज काय वेगळं केलंस?"

"काहीच नाही, मॅडम. उशिरा आले."

हे बोलता बोलता ती वळली. माझ्याकडे बघू लागली. मग हातातल्या फोनकडे. मी श्वास रोखून धरला, टाकीला जेवढा रोखता येतो तेवढा.

"अगं आई," ती हळूच म्हणाली. फोन अजून चालूच होता.

"काय झालं?" फोनमधून आवाज आला. "अगं, बोल की!"

"मीच उठवत होते त्यांना. रोज. मीच."

दुपारी तिची आई डबा घेऊन हजर. सकाळच्या भांडणाची भरपाई असावी. ठेंगणी बाई, खांद्याला मोठी पिशवी, बाहेर पाऊस नसताना हातात काळी छत्री. चष्मा धुकटला, पुसला, "हं" म्हणाली. काकांनी तिला स्टूल दिलं. ताई तिच्याशेजारी बसून जेवू लागली आणि सगळं सांगू लागली, सांगता सांगता घास तसाच हातात राहिला.

आई ऐकत होती. मग हसायला लागली.

"हसतेस काय?"

"अगं, तू झालीस तेव्हा मी काय केलं होतं? पहिलं पोर. जीव नुसता टांगणीला. तू श्वास घेतेस की नाही, म्हणून रात्रभर दिवा लावून बघायची. दिवा लागला, की तू टाहो फोडायचीस. मग मला वाटायचं, पोरीला काहीतरी दुखतंय. मग आणखी दिवा! तुझे बाबा बिचारे उशी डोक्यावर घेऊन दुसऱ्या खोलीत. शेवटी तुझ्या आजीने दिव्याचं बटणच काढून पदरात बांधून ठेवलं."

ताई हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मग झोपले मी?"

"तू झोपलीस. मी मात्र बसून राहिले अंधारात. बघायचं नाही, हे सगळ्यात अवघड असतं बाई." आईने माझ्याकडे पाहिलं. हाताने मला मापलं, वितीने, लांबी-रुंदी-उंची. "हिच्यावर पांघरूण नाही का घालत तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी ती ते घेऊन आली. आपली छत्री तिने उसवली होती आणि त्या काळ्या कापडाचं माझ्या मापाचं झाकण शिवलं होतं, चारी बाजूंनी खाली येणारं, कडेला नाडी ओवलेलं. काकांनी ते हातात घेऊन उलटसुलट केलं. "अहो, हे तर टोपडं झालं!" ते म्हणाले. मला टोपडं! या वयात! मी लाजेने पाणी पाणी झाले असते, पण ते मी आधीच होते.

शेवटच्या खेपेची संध्याकाळ. काकू आणि फाटका उतरले, मधे पडदा, खाली गोट्या, एका बाजूला रबर. ताईने टोपडं घातलं, नाडी बांधली. तिचा हात कापडावर थोडा वेळ तसाच राहिला. "झोपा आता," ती म्हणाली. मग पावलं दूर गेली, दार लागलं आणि खटका पडला.

मित्रांनो, मी बऱ्याच रात्री पाहिल्या, पण अशी नाही. एरवी नळ्यांवर रात्रभर लुकलुकणारे बारीक लाल-हिरवे दिवेसुद्धा दिसेनात. अगदी त्या पहिल्या खोक्यातला अंधार. काकू खाली खाली उतरली आणि थबकली. पडद्यापलीकडे फाटका थबकला. पाणी इतकं शांत झालं, की माझ्या तड्यातून सुटणारा एक एक थेंब मला ऐकू येत होता. मग मला वाटलं, माझ्या भिंती विरघळल्या. मीच ओढा झाले. माझ्यात गोटे होते, वाकलेलं गवत होतं, आणि काकूसारख्या कितीतरी काकू गवताच्या सावलीत डुलत होत्या, तिच्याआधीच्या, त्यांच्याही आधीच्या. कोणी कोणाला हाक मारत नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं, की पहाट आपल्या पायांनी येईल.

ताई मात्र पहाटेच आली होती. ते मला नंतर काकांच्या बोलण्यातून कळलं. दाराबाहेर, बंद दाराला पाठ लावून फरशीवर बसली होती. फोन तिने आईकडेच ठेवला होता. दाराच्या मुठीवर तिचा हात गेला आणि तिने तो मागे घेतला, म्हणे, कितीदा तरी.

खटका पडला. मग दार उघडलं. मग नाडी सुटली, टोपडं अलगद वर गेलं आणि उजेड माझ्यात उतरला. काकू हलली. ताईने पडदा ओढला. ओढला आणि डोळे मिटून घेतले, वेडी! काकाच म्हणाले, "अहो ताई, आता बघा. आता बघायचं असतं."

फाटका काकूच्या कुशीला लागून पोहत होता. गोट्यांवरून, उथळ टोकाकडे, पुन्हा मागे, पुन्हा तिकडेच. आणि माझ्या जाळीतून थेंबांसारखं काहीतरी खाली झरत होतं. मला ते गुदगुल्यांसारखं जाणवलं.

गाळणी. सूक्ष्मदर्शक. ताई वाकली. या वेळी काका, मॅडम सगळे तिच्यामागे उभे राहिले. मीही टेबलावर, ओली, रिकामी, तशीच.

"आरपार," ताई म्हणाली. "मॅडम, आरपार आहेत. आत एका पेशीच्या दोन होतायत. हे बघा, दोनाच्या चार." आणि तिने मागे वळून मॅडमनाच मिठी मारली. मॅडमचा चष्मा वाकडा झाला. त्यांनी तो पुसला नाही.

दुसऱ्या दिवशी आई बघायला आली. तिला स्टुलावर बसवून ताईने सूक्ष्मदर्शक नीट लावून दिला. मोहरीएवढ्या अंड्यात एक वळलेलं, डोळेवालं पिल्लू होतं आणि त्याचं काळीज चालू झालं होतं. आईने बघितलं आणि ती तोंडावर हात ठेवून म्हणाली, "अगं बाई, किती धडधडतंय! घाबरलंय का?"

"नाही गं. जगतंय."

आई खूप वेळ बघत राहिली. मग आपणच बाजूला झाली. "पुरे आता," म्हणाली. "दिवा बंद कर त्याच्यावरचा."

फळी वाचली. पिल्लं वाढली, त्यांना निळ्या रेघा आल्या. फाटका अजून आहे, रेघा फिकटल्या आहेत पण तोरा तोच. काकू मात्र पिल्लं मोठी झालेली बघून, एका सकाळी टाकीच्या तळाशी शांत पडलेली मिळाली. ताईने तिला तळहातावर घेतलं आणि या वेळी मात्र ती काय पुटपुटली ते मला ऐकू आलं. "तुझी झोप मोडली, माफ कर," एवढंच.

काळीज लवकर का भरतं, ते कोडं अजून सुटलेलं नाही. थोडंसं उकललंय, असं मॅडम म्हणतात. माझा तडा मात्र वाढला. आता माझ्यात पाणी ठरत नाही, म्हणून मी दाराजवळच्या टेबलावर असते, काकांच्या गोट्या पोटात घेऊन. शाळेतली मुलं खोली बघायला येतात तेव्हा आधी मी दिसते. टोपडं आता नव्या टाक्यांना आळीपाळीने मिळतं. त्यांना ते सैल होतं. माझ्या मापाचं आहे ना!

मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्ही कुंडीत बी पेराल, तेव्हा कोंब आला का म्हणून रोज माती उकरू नका. मांजरीने कपाटामागे पिल्लं घातली, तर तिथे दिवा घेऊन जाऊ नका. काळजी वाटली तर दाराबाहेर बसा, आमच्या ताईसारखं. मला पक्कं ठाऊक आहे, ते फार अवघड असतं. पण जी माया अंधारात हात मागे घेते, तिला पिल्लं ओळखतात बरं का. मी स्वतः पाहिलंय.

आता संध्याकाळ झाली आहे. काकूच्या नातीची पहिली रात्र आहे आज. ताईने तिला एका चकचकीत टाकीत सोडलं, पडदा लावला, टोपडं घातलं, नाडी बांधली. दारापाशी जाऊन ती थांबली. सवयीने हात खिशातल्या फोनकडे गेला, तिथेच राहिला. मग तिने तो हात बाहेर काढला, रिकामा, आणि जाता जाता माझ्या तड्यावरून हलकेच बोट फिरवलं.

"चल गं," ती मला म्हणाली, "झोप तूही."

दार लागलं.